घरात मोठी मुलगी आहे ना!

ज्या घरी तपासणीला जायचं त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा सोनाताईंचा नेम. तो मला पहिल्याच दिवशी कळला, आणि घसा कोरडा ठेवून कळला. एप्रिलातलं ऊन, रेल्वेलाइनलगतच्या पत्र्याच्या चाळी, सकाळपासून घरामागून घर चाललेलं. एका बाईने मला तांब्याभर गार पाणी पुढे केलं. मी हात लांबवला, तोवर सोनाताईंनी तांब्या मध्येच धरला आणि त्या बाईला परत दिला. "ऱ्हाऊ द्या बाई," एवढंच म्हणाल्या. बाहेर आल्यावर माझ्या सुकलेल्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "ज्याचं पाणी प्यालं त्याला न्हाई म्हणताना जीभ अडखळती, शालन. आणि आपल्याला पगार 'न्हाई' म्हणायचाच मिळतो."

आम्ही दोघी नगरपालिकेच्या पाळणाघर विभागात होतो. कुठली नगरपालिका ते विचारू नका. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या कारखान्यांच्या पट्ट्यातली एक, इतकं पुरे. तिथली माणसं अजून पेन्शन खाताहेत, कशाला त्यांच्या घशात घास अडकवा. कामावर जाणाऱ्या बायांसाठी नगरपालिकेने फुकट पाळणाघरं काढली होती. नर्स, आया, दोन वेळा दूध. जागा मूठभर आणि पोरं उदंड. तेव्हा कुणाचं मूल घ्यायचं आणि कुणाचं नाही हे ठरवायला पात्रता तपासनीस असं एक पद निघालं. त्या पदावर सोनाताई ओव्हाळ, आणि त्यांच्या हाताखाली कारकून मी. बार्शीहून नुकतीच लग्न होऊन आलेली, एसएससी पास, उन्हाला आणि सासूला सारखीच घाबरणारी.

सोनाताई रोज दापोडीहून लोकलने यायच्या. काळ्या, काटक, उंच. फिकट पाचवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात टायरच्या चपला, बगलेत रेक्झिनची पिशवी. माहेर चाकणच्या पुढचं, त्यामुळे बोलणं मावळी; ते त्यांनी साहेबलोकांपुढेही कधी बदललं नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या. आधी बालसेविका म्हणून लागल्या, आणि तपासनीसाचं काम निघाल्यावर चिखल तुडवत वस्त्यांतून हिंडायला दुसरं कोणी तयार होईना म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं. ऑफिसात सगळ्यांना असं वाटायचं. ते काम त्यांनी मागून घेतलं होतं, हे मला फार पुढे कळलं.

तपासायच्या गोष्टी दोनच. आई खरोखर कामाला जाते का, आणि घरात मूल सांभाळणारं दुसरं कोणी नाही हे खरं का. पहिली गोष्ट कंपनीच्या गेटवर कळे. दुसरीसाठी घरी जावं लागे, आणि खरा तमाशा तिथे. घरात आजी असली की जागा नाही. म्हणून अर्ज केला रे केला की घरची पहिली धावपळ म्हणजे आजी लपवायची. आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या त्या वर्षांत अर्जावर गावी गेल्या, काशीला गेल्या, एकदोन तर देवाघरीही गेल्या, आणि संध्याकाळी नळावर भांडताना सापडल्या.

सोनाताई घरात गेल्यावर काही विचारत नसत. उंबऱ्याशी बसत, मूल मांडीवर घेत, त्याच्याशी दोन शब्द बोलत आणि मग हात सैल सोडत. अनोळखी मांडीवरून मूल ज्याच्याकडे झेपावेल तो त्याचा सांभाळणारा. "मोठी माणसं तोंडानं बोलत्यात, पोर अंगानं बोलतं," त्या म्हणायच्या. "आणि अंगाला अजून खोटं शिकवायची शाळा निघाली न्हाई."

एकदा लातूरकडच्या एका वेल्डरच्या घरी गेलो. नवरा-बायको हात जोडून उभे, घरात तिसरं माणूस नाही म्हणून शपथा घेताहेत. सोनाताईंनी पोर खाली सोडलं. ते आईकडे गेलं नाही, बापाकडे गेलं नाही. रांगत रांगत थेट शेजारच्या खोलीच्या बंद दारापाशी गेलं आणि दार बडवत भोकाड पसरलं. आई घामाने भिजली. मिनिटभरात दार धाडकन उघडलं आणि आतून म्हातारी बाहेर आली. "लेकराला कशाला रडवायलाव गं! जळो तुमचं पाळणाघर!" म्हणत तिने नातवाला उचलून छातीशी घेतलं आणि वर आम्हालाच शिव्या दिल्या. सोनाताई उठल्या, पिशवी बगलेत मारली. "आजी, तुमी लपायला कच्च्या, पर सांभाळायला पक्क्या हायसा," म्हणाल्या, आणि कागदावर 'पात्र नाही' असा शेरा मारला. रस्त्यात मला हसू आवरेना. त्याही हसल्या. त्यांचं हसू फार वेळ टिकत नसे.

अशा कामामुळे त्यांच्या शेऱ्याला वजन आलं होतं. नगरसेवकाची चिठ्ठी आली तरी त्या ती पिशवीत घालून घरी तपासणीला जायच्या. त्यांनी नाकारलं की अध्यक्षसुद्धा म्हणत, "बाईंनी बघितलंय ना, मग झालं." एवढी पत आमच्या ऑफिसात दुसऱ्या कुणाची नव्हती. ती पत त्यांना कशासाठी हवी होती, हे मी कधी विचारलं नाही. प्रामाणिक माणसाला लोक हे विचारत नाहीत.

आता त्या कलमाचं सांगते. पाळणाघर समितीने नियम केले त्यात एक असा होता: घरात आठ वर्षांवरची मुलगी असल्यास तिला सांभाळणारी व्यक्ती समजावे. मुलगी असल्यास. मुलगा असल्यास तो नाही, त्याला अभ्यास असतो. हे कलम घातलं होतं निमकरसाहेबांनी. निमकर म्हणते, खरं नाव ते नव्हे. एका मोठ्या कंपनीत पर्सोनेल ऑफिसर होते, रिटायर झाल्यावर जाणकार सदस्य म्हणून समितीवर आले. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ आणि नेहमी दुसऱ्याच्या भल्याचं. समितीच्या सभेत सोनाताई भिंतीशी उभ्या राहायच्या आणि निमकर बोलत असले की त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. मला वाटायचं, केवढा हा आदर.

त्या कलमाने आम्ही किती पोरींना पाळण्याला बांधलं ते देव जाणे. मंगल नावाची एक बाई विटांच्या भट्टीवर जायची. तिची थोरली पोर, असेल नऊ-दहा वर्षांची, धाकट्याला कमरेवर घेऊन दारात उभी होती. एक बाजू बाहेर काढून, तिरकी. पाठीमागे भिंतीला खडूने उजळणी लिहिलेली. मंगल म्हणाली, "बाई, हिला परत शाळेत घालायचीय. तेवढ्यासाठीच अर्ज केलाय." सोनाताई त्या पोरीकडे बघत राहिल्या. मग खाली मान घालून त्यांनी शेरा लिहिला: घरात मोठी मुलगी आहे, पात्र नाही. मंगलने आम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंत तळतळाट दिले.

मी बिथरले. म्हटलं, "ताई, पोर नाहीच दिसली असं लिहिलं असतं तर कोणाच्या बापाचं काय गेलं असतं?"

"एकदा डोळा झाकला, की माझा शेरा बाजारात बसला," त्या म्हणाल्या. "त्याला डाग लागू द्यायचा न्हाई. मला तो एक दिवस वापरायचाय."

"कुणावर?"

पिंपरीला मंडईच्या तोंडाशी बसस्टॉपवर येऊन बसलो. बराच वेळ बस आली नाही, आणि त्या बाकावर त्यांनी मला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, रस्त्याकडे बघत.

अठरा-वीस वर्षांपूर्वी, कारखाने नवे नवे उभे राहात होते तेव्हा, सोनाताई एका कंपनीत पॅकिंगला होत्या. नवरा फाउंड्रीत, फिरत्या शिफ्टवर. थोरली सुशीला तिसरीत, धाकटा अंगावर पिणारा. कायद्यात बायकांचा एक आकडा होता. तेवढ्या बायका कामावर असल्या की कंपनीला पाळणाघर काढावं लागे. कंपनी त्या आकड्याला एक कमी ठेवून बायका भरायची. नवी आली की जुनी काढायची. सोनाताई धीर करून पर्सोनेल ऑफिसरपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, साहेब, एक खोली द्या, आमी बाया आळीपाळीनं पोरं बघू, एक आया बी नगं. साहेबांनी मान वर केली नाही. कागदावर सही करता करता विचारलं, "घरी कोणी नाही?" त्या म्हणाल्या, पोरगी हाय, तिसरीतली. तर म्हणाले, "घरात मोठी मुलगी आहे ना! मग पाळणाघराचं हे खूळ कशाला?"

"सुशीची शाळा गेली," सोनाताई म्हणाल्या. "मास्तर दोनदा घरला आले. पोरगी हुशार हाय म्हनले. काय सांगू? तिची पाटी पिठाच्या डब्यावर झाकन म्हनून ठिवली. भाऊ मोठा झाला, शिकला, टर्नर झाला. आणि ही अजून अंगठा उठवती. बारा म्हैनं पोर कमरंवर वागवून तिला तिरकं उभं ऱ्हायची सवय लागली, ती लगीन झालं तरी गेली न्हाई. कडंवर काय नसताना बी ती तशीच उभी ऱ्हाती. तशी दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाती, शालन. अजून जाती."

मला विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "तो साहेब म्हणजे निमकर?"

"व्हय. तेच वाक्य त्यानं हितं कलम करून घातलं. एक अक्षर बदललं न्हाई."

"त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही?"

"मान वर केली व्हती कुठं, ओळखायला?"

"आणि मंगलची पोर?" माझा राग गेला नव्हता.

"ती बी त्याच्याच खात्यावर मांडलीय," त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पण त्या दिवसापासून निमकर सभेला आले की मीसुद्धा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागले, हेही खरं.

देव कधी कधी आपल्या बाजूने असतो. निमकरांची सून नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या शाळेशेजारी नवं पाळणाघर निघालं, चकचकीत, नर्स मिरजेहून शिकून आलेली. नगरपालिकेच्या नोकरदार बायांनाही तिथे अर्ज करायची मुभा होती. निमकरांना काय कमी होतं? एक सोडून चार आया ठेवता आल्या असत्या. पण फुकट ते पौष्टिक. नातवासाठी अर्ज आला. हेडक्लार्कने तो सोनाताईंपुढे ठेवला आणि म्हणाला, "साहेबांच्या घरचाच आहे, इथेच सही करा." सोनाताईंनी अर्ज दोन्ही हातांनी उचलला. "नियम म्हंजी नियम," म्हणाल्या. "उद्या जाती की घरला."

बंगला कॉलनीतला, पुढे तुळस, झोपाळा. निमकरांनी हसतमुखाने स्वागत केलं, चहा मागवला. आमचे कप वेगळे आले, एकाचा कान उडालेला. शोकेसमधल्या सगळ्या कपांना मात्र कान होते. मी सोनाताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "आमी घेत न्हाई." इतकी वर्षं पाळलेला नेम त्या दिवशी मला फार गोड लागला.

तेवढ्यात निमकरांची नात शाळेतून आली. इंग्रजी शाळेचा गणवेश, गळ्यात टाय, पाठीला दप्तर. सरळ उभी राहिली, देवदाराच्या रोपासारखी. सोनाताईंनी तिला जवळ बोलावलं. "बाळ, वय काय तुझं?" ती म्हणाली, "नववं चालू आहे." सोनाताईंनी निमकरांकडे बघितलं आणि अगदी त्यांच्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "घरात मोठी मुलगी आहे ना!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शुद्ध बोलताना ऐकलं. निमकर हसले, त्यांना वाटलं कौतुक चाललंय. शेरा ऑफिसात गेल्यावर त्यांना कळला.

पुढच्याच सभेत निमकर उठून उभे राहिले. कान लाल झालेले. "अध्यक्षमहाराज, नऊ वर्षांची मुलगी म्हणजे सांभाळणारी व्यक्ती? ते शिकायचं वय आहे! पोरीच्या हातात पोर देणं हा तिच्यावर अन्याय आहे."

इतिवृत्त मी लिहीत होते. भिंतीकडून सोनाताईंचा आवाज आला. "साहेब, येवढं परत बोला. आमची शालन हळू लिहिती." निमकरांनी परत बोलून दाखवलं. मी हळूच लिहिलं. पुन्हा आवाज आला, "हे समद्या पोरींना धरायचं, का फकस्त टायवाल्यांना?" दोनचार सदस्य खोकले. अध्यक्ष म्हणाले, "निमकरसाहेब, कलम तुमचंच आहे. तुम्हीच म्हणता तर काढून टाकू." तिथल्या तिथे कलम गेलं.

मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. म्हटलं, ताई, जिंकलात. किती पोरी सुटल्या! त्या म्हणाल्या, "पोरी सुटल्या ते बरं झालं. पर माझं काम अजून ऱ्हायलंय." आधी आम्ही मंगलच्या घरी गेलो. तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं. भट्टी बंद पडली, मंगल पोरांना घेऊन कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं. भिंतीवरची उजळणी नव्या माणसांनी चुन्याने पुसून टाकली होती. सोनाताई त्या भिंतीपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "चल. आता निमकराकडं."

कलम गेल्यामुळे निमकरांनी नव्याने अर्ज केला होता. पहिल्या खेपेला मुलीचं निघालं, आता आजीचं निघू नये म्हणून 'घरातील अन्य व्यक्ती' या रकान्यात लिहिलं होतं: पत्नी प्रकृतीमुळे सांगलीस भावाकडे. आणि खाली समिती सदस्य म्हणून स्वतःची सही. जन्मभर दुसऱ्यांच्या घरची माणसं मोजणारा हा हुशार गृहस्थ आणि तो लातूरचा वेल्डर, दोघांची अक्कल ऐन वेळी एकाच जागी जाऊन बसली.

या वेळी सोनाताई उंबऱ्याशी बसल्या नाहीत. दिवाणखान्यात, निमकरांच्या समोर, फरशीवर मांडी घालून बसल्या. बाळ मांडीवर घेतलं. गुटगुटीत, हसरं पोर. त्याच्या गालाला हात लावला आणि हात सैल सोडले.

बाळाने आईकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि तुरुतुरु रांगत थेट मोरीच्या बंद दाराकडे निघालं. निमकर घाईने म्हणाले, "त्याला पाण्यात खेळायची फार आवड." बाळाने दारावर थापा मारल्या. "आज्जी," ते स्पष्ट म्हणालं. सून खिडकीबाहेर बघायला लागली. "आज्जी, आज्जी." मग त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला. आत बांगड्या वाजल्या. निमकर उठून बाळाला उचलायला गेले तसं ते आणखीच किंचाळलं. आणि कोणतीही आजी करील तेच त्या आजीने केलं. दार उघडलं, ओल्या मोरीतून बाहेर येऊन नातवाला उराशी धरलं आणि नवऱ्याला म्हणाली, "मला नाही होत हे. लहान लेकराला रडवून कसली नाटकं करता?"

सोनाताई सावकाश उठल्या. त्यांनी त्या माउलीला वाकून नमस्कार केला, खरा नमस्कार. मग निमकरांकडे वळल्या. "सांगलीची गाडी लौकर आली, साहेब," म्हणाल्या.

ऑफिसात ही गोष्ट मी सांगितली. लपवत नाही, मीच सांगितली, चवीचवीने, मोरीतल्या बांगड्या वाजवून दाखवत. आठवडाभरात चहाच्या टपऱ्यांवर 'निमकरांची आजी' हा वाक्प्रचार झाला. कोणी कामावर दांडी मारली की म्हणायचे, सांगलीला गेलाय, मोरीत बघा. पुढच्या सभेत अध्यक्षांनी अर्ज वाचून दाखवला, खालच्या सहीसकट, आणि निमकरांकडे बघत राहिले. निमकरांनी त्याच दुपारी समितीचा राजीनामा दिला. नंतर बाजारात आम्ही दिसलो की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात.

त्या दुपारी, राजीनामा आल्यावर, सोनाताई मला पिंपरीच्या बाजारात घेऊन गेल्या आणि पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाल्या, "भजी घ्यू. भूक लागलीय." शांतपणे खात होत्या. मी विचारलं, "आता तरी त्यांना सांगा ना तुम्ही कोण. कळू द्या कशाचं फळ मिळालं ते."

"अजाबात न्हाई," त्या म्हणाल्या. "सांगितलं तर त्यो माफी मागंल. तसल्या माणसांना माफी मागायला लई सोपं जातं, त्यांची जीभ तशी वळलेली असती. माफी मागितली की मानूस सुटतो, शालन. रातच्याला गाढ झोपतो. मला त्याला सोडायचं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी उरलेली भजी माझ्याकडे सरकवली.

सोनाताई रिटायर व्हायच्या आधीच गेल्या. फुप्फुसाचं दुखणं होतं, पॅकिंग खात्यापासूनचं. शेवटच्या दिवसांतही मी भेटायला गेले की विचारायच्या, कोण आलं, कुणाची आजी सापडली. जाण्याच्या आदल्या आठवड्यात म्हणाल्या, "माझ्या जागी तू बस. पर पानी पिऊ नगंस." मी बसले. आणि शेवटपर्यंत प्यायले नाही.

दापोडीला त्यांच्या घरी पाचव्या दिवशी मी बसले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती, शेजारी ताईंचा फोटो. सुशीला आल्यागेल्याला चहा देत होती. आणि दारात कोण यावं? निमकर. काठी टेकत, बुशशर्ट सैल झालेला. फोटोला हात जोडले आणि माझ्याजवळ येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, "शालनबाई, तुम्ही त्यांच्या जवळच्या, म्हणून विचारतो. बाईंचा माझ्यावर काही राग होता का? नियमाने त्या बरोबरच होत्या, माझंच चुकलं. पण त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, ती जात नाही डोळ्यांपुढून. मी कधी त्यांचं काही वाईट केल्याचं मला आठवत नाही. केलं असेल तर सांगा. मी हात जोडून माफी मागायला आलोय."

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. समोर सुशीला उभी होती, हातात चहाचा ट्रे, कमरेची एक बाजू बाहेर काढून, तिरकी. मला फक्त बोट दाखवायचं होतं. म्हणायचं होतं, साहेब, ही बघा ती घरातली मोठी मुलगी.

सुशीलाच पुढे आली. तिने ट्रेमधला एक कप त्यांच्या हातात दिला, चांगला, कानाचा. "आईचा राग?" ती म्हणाली. "न्हाई वो साहेब. आई कुणावर रागवत नव्हती. चा घ्या, गार हुईल."

निमकरांनी चहा घेतला. तिच्याकडे दोनतीनदा बघितलं, काहीतरी आठवायचा प्रयत्न केल्यासारखं, आणि काही न आठवल्यामुळे काठी उचलून निघून गेले. मी सुशीलाला विचारलं, "तुला माहीत होतं हे कोण?"

"आईनं दावलं व्हतं. बाजारात, लांबून."

"मग बोलली का नाहीस? तुझा हक्क होता."

तिने रिकामा कप उचलला. "ते इचारायला आलं व्हतं ना," ती म्हणाली. "इचारत ऱ्हाऊ द्या."

निमकर त्यानंतर फार वर्षं जगले. वर्ष-दोन वर्षांनी मला कुठेतरी गाठायचे, बसस्टॉपवर, दवाखान्यात, एकदा तर माझ्या घरी आले. तोच प्रश्न. दर वेळी मी म्हणायची, "ताई जरा कडक होत्या, बाकी काही नाही." नव्वदीपुढे त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण सून सांगायची, रात्री दचकून उठतात आणि विचारतात, त्या बाई का आल्या होत्या?

गेल्या महिन्यात ते वारले. तेरावा होऊ दिला आणि मग हे लिहायला बसले. सोनाताईंवर लिहा असं मला पुष्कळांनी पुष्कळदा सुचवलं होतं. मी आळस करते असं त्यांना वाटायचं. आधी लिहिलं असतं तर निमकरांनी वाचलं असतं, वाचून सुशीलाच्या दारात हात जोडून उभे राहिले असते, आणि सुशीला मनाने भली आहे, तिने माफ केलं असतं.